आंबट फळाचा गोड पेला

वाचकहो, 'कास' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर साताऱ्याजवळचे फुलांचे पठार उभे राहते. या लेखातला कास मात्र निराळा आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या चिमुकल्या देशात एक आंबट पेरू पिकतो, त्याला तेथील लोक कास म्हणतात. आकाराने मोठ्या लिंबाएवढा, पिकल्यावर फिकट पिवळा, आत पांढरा मऊ गर, बिया थोड्या. आपल्या पेरूचा दरवळ त्याला नाही. आंबटपणा मात्र असा की पहिल्या घासाला डोळे आपोआप मिटावेत. या फळाने मला पंचावन्नाव्या वर्षी वैद्यकीचा एक जुना धडा पुन्हा गिरवायला लावला. तो आपल्यालाही उपयोगी पडावा म्हणून ही हकिगत लिहीत आहे.

मी राहाता परिसरात सुमारे तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. राहाता म्हणजे पेरूचे गाव. शिर्डीला जाणाऱ्या रस्त्यावर टोपल्या मांडून बसलेले विक्रेते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. आमच्या घरामागेही पेरूचे झाड होते. माझी थोरली बहीण आणि मी त्याची फळे पिकू देत नसू. हिरवा, कडक, तुरट-आंबट पेरू दगडावर आपटून फोडायचा आणि तिखटमीठ लावून खायचा, हा आमचा दुपारचा उद्योग. दाजींच्या निधनानंतर ताई आपल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, कोस्टा रिकात राहायला गेली. भाचा तेथील एरेडिया या शहरात नोकरी करतो.

ताईला गेली बारा वर्षे मधुमेह आहे. गोळ्या नियमित, पथ्य बऱ्यापैकी, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास. तिकडची आणि आपली वेळ साडेअकरा तासांनी निराळी. मी रात्री दवाखाना बंद करण्याच्या सुमारास तिची सकाळ असे, आणि तेव्हा तिचा फोन येई. अशाच एका रात्री तिने विचारले, "अरे, इथे एक आंबट पेरू मिळतो. अगदी आपल्या परसातल्या कच्च्या पेरूची आठवण येते. त्याचं सरबत घेतलं तर चालेल ना रे मला?"

समोर अजून दोन रुग्ण बसले होते. मी म्हणालो, "आंबट आहे ना? मग खुशाल घे. सी जीवनसत्त्व तरी मिळेल."

एवढेच. या उत्तरात मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

चार-पाच महिन्यांनी भाच्याने अहवाल पाठवला. एचबीए१सी ९.१. ताईला थकवा येत होता, रात्री लघवीला तीन-चारदा उठावे लागत होते, पायांना मुंग्या येत होत्या. तेथील डॉक्टरांनी एक औषध वाढवले होते. मी दवाखान्याची व्यवस्था एका मित्राकडे सोपवली आणि दोन विमाने बदलून सान होसे या राजधानीत उतरलो.

मंडईतला पहिला पेला

सान होसे हे समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवरच्या खोऱ्यात वसलेले शहर. हवा आपल्या महाबळेश्वराची आठवण करून देणारी, भोवती डोंगर, उतारांवर कॉफीचे मळे. तेथे मे ते नोव्हेंबर पाऊस असतो आणि त्या काळाला लोक 'हिवाळा' म्हणतात. डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, तो त्यांचा 'उन्हाळा'. मी गेलो तेव्हा पावसाळा सुरू होता. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी घड्याळ लावल्यासारखी सर.

विमानतळावरून घरी जाण्याआधी भाच्याने मला शहराची जुनी मंडई दाखवली. १८८० पासून उभी असलेली ही वास्तू आतून बोळांचे जाळेच आहे. एका बोळात वनौषधींच्या जुड्या, दुसऱ्यात मासळी, तिसऱ्यात कॉफीचा वास, आणि मध्ये मध्ये 'सोदा' नावाच्या छोट्या खानावळी. भात, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेले केळे, कोबीची कोशिंबीर आणि मांसाचा किंवा अंड्याचा एखादा पदार्थ असे भरलेले ताट समोर येते. त्यासोबत 'फ्रेस्को', म्हणजे ताज्या फळाचे सरबत. चिंच, पॅशन फ्रूट, काळी बेरी, मामफळ आणि कास यांच्या सरबतांच्या काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या.

मी कास मागितला. फिकट, किंचित हिरवट छटेचा, थंडगार. आंबटपणा पुढे, त्याच्यामागे मंद तुरटी आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा गोडवा. तहान अशी भागली की मी लगेच दुसरा पेला मागवला. 'ताईला हे का आवडते ते कळले,' असे भाच्याला म्हणालोही. तो गोडवा आला कोठून, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मधुमेहाच्या रुग्णांना रोज आहाराचे उपदेश करणारा मी!

घरी गेल्यावर शीतकपाटात कासच्या सरबताचा मोठा जार तयारच होता. ताईने प्रेमाने पेला भरला. पुढचे तीन दिवस मी तिच्या गोळ्या तपासल्या, पावले तपासली, भाताचे प्रमाण मोजले, चालणे किती होते ते विचारले. पावसामुळे तिचे फिरणे कमी झाले होते आणि भात दोन्ही वेळा होऊ लागला होता. ही कारणे खरीच होती. पण त्यांच्यामुळे साखर एवढी वर जाईल हे मनाला पटत नव्हते. आणि हा हिशेब मांडताना माझ्या हातात कासचा पेला असे.

दारात आलेला प्रश्न

चौथ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. खांद्याला शीतपेटी, हातात नोंदींची कागदपत्रे, अशी एक आरोग्यसेविका दारात उभी होती.

येथे थोडे थांबून त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेविषयी सांगायला हवे. कोस्टा रिकाने १९४१ मध्ये सामाजिक सुरक्षा विमा संस्था स्थापन केली. लोक तिला लाडाने 'काहा', म्हणजे पेटी, म्हणतात. १९४८ मध्ये या देशाने आपले सैन्य विसर्जित केले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून 'एबाइस' या नावाची प्राथमिक आरोग्य पथके उभी राहिली. काही हजार लोकसंख्येमागे एक पथक. त्यात डॉक्टर, परिचारिका-साहाय्यक आणि घरोघरी फिरणारा आरोग्यसेवक किंवा सेविका. आपल्याकडील आशाताईंशी या कामाचे पुष्कळ साम्य आहे. घरात कोण राहते, लसी झाल्या का, पाणी कोठे साठते, डासांची पैदास होते का, कोणाला कोणते औषध चालू आहे, हे घरी येऊन पाहायचे आणि नोंदवायचे. या देशाचे सरासरी आयुर्मान ऐंशीच्या घरात आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण दारापर्यंत येणारी आरोग्यसेवा हे त्यांतले एक महत्त्वाचे कारण होय.

सेविकेने रक्तदाब मोजला, गोळ्यांची पाकिटे पाहिली आणि मग विचारले. भाचा भाषांतर करीत होता.

"घरात पाण्याशिवाय काय पिता?"

"कासचं फ्रेस्को," ताई उत्साहाने म्हणाली.

"रोज?"

"रोज. तीन पेले तरी होतात."

"कोण बनवतं? साखर किती घालता?"

ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि साखरेच्या डब्यातली वाटी घेऊन आली. "ही एक भरून, एका जारला. शेजारच्या आजींनीच दाखवलं. त्याहून कमी घातली तर आंबट लागतं."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. सेविका हसून काहीतरी लिहू लागली. माझी मान खाली गेली. ताईने माझ्याकडे पाहिले आणि सहज म्हणाली, "तूच तर म्हणाला होतास, आंबट आहे, खुशाल घे."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

वाटीचे गणित

त्या दुपारी आम्ही वाटी तराजूवर ठेवली. साखर २०० ग्रॅम भरली. जार दोन लिटरचा, म्हणजे पाव लिटरचे आठ पेले. प्रत्येक पेल्यात २५ ग्रॅम, अर्थात पाच लहान चमचे साखर. तीन पेल्यांत ७५ ग्रॅम, पंधरा चमचे, सुमारे तीनशे उष्मांक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेली शिफारस अशी: वरून घातलेली साखर, तसेच मध, सरबते व फळांचे रस यांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, पाच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला तर हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. म्हणजे निरोगी माणसासाठी जी दिवसाची मर्यादा उत्तम मानावी, ती कासच्या एकाच पेल्यात संपत होती. ताई मधुमेही होती आणि असे तीन पेले घेत होती.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की जे आंबट ते साखरेला मारक, जे कडू ते मधुमेहाचे औषध. जीभ मात्र येथे आपल्याला फसवते. आंबटपणा फळातील आम्लांमुळे येतो. आम्ल आणि साखर एकमेकांची चव झाकतात, एकमेकांना नाहीसे करीत नाहीत. आपली पिकलेली चिंच हे याचे उत्तम उदाहरण. ती दात आंबवते, तरी तिच्या गरात पुष्कळ साखर असते. आणि पदार्थ जितका आंबट, तितकी तो रुचकर करण्यासाठी अधिक साखर लागते. गोड केळ्यावर कोणी साखर पेरत नाही. लिंबाच्या सरबतात मात्र चार चमचे सहज जातात. फळ निर्दोष असते, साखर त्याच्या आडून येते.

दुसरी गोष्ट गाळण्याची. अख्खा पेरू खाताना त्यातील तंतू पोटात जातात, साखर रक्तात सावकाश उतरते, आणि चावण्याच्या श्रमाने पोट भरल्याची जाणीवही होते. सरबत गाळले की चोथा गाळणीत राहतो आणि गोड पाणी पेल्यात उतरते. ते दोन मिनिटांत पिऊन होते आणि त्याने भूकही भागत नाही.

तिसरी गोष्ट गुळाची. कोस्टा रिकात उसाच्या गुळाच्या ढेपा मिळतात. त्यांना 'तापा दे दुल्से' म्हणतात. संध्याकाळी पाऊस पडत असताना तो गूळ घातलेले गरम पाणी पिण्याची तेथे प्रथा आहे. ताई साखरेच्या चहाऐवजी तेही घेऊ लागली होती, कारण 'गूळ नैसर्गिक असतो'. वाचकहो, गुळात थोडी खनिजे असतात हे खरे. पण मधुमेही शरीर गूळ आणि साखर यांत फारसा भेद करीत नाही.

झाडाखाली

शेजारच्या आजींच्या अंगणात कासचे झाड होते. त्यांनी मोठ्या अगत्याने ते दाखवले. सुमारे पंचवीस फूट उंच, आपल्या पेरूपेक्षा सडसडीत. कोवळ्या फांद्या तांबूस आणि हाताला चौकोनी लागणाऱ्या; पाने पेरूच्या पानांहून लहान, पातळ आणि टोकदार. फुले पांढरी, सुवासिक, एकेकटी येणारी, मध्ये केसरांचा दाट झुबका. झाडाखाली पिकून पडलेल्या फळांचा सडा होता आणि त्यांवर माशा घोंगावत होत्या. कास पूर्ण पिकला की इतका मऊ होतो की त्याला बाजारापर्यंत नेणे अवघड जाते; शिवाय फळमाशी त्यात अंडी घालते. म्हणून हिरव्यातून पिवळ्याकडे झुकू लागताच तो काढतात. ज्याच्या अंगणात झाड, त्याच्याकडे हंगामात फळांचा खच. मग शेजारी वाटायचे, उरलेला गर गोठवून ठेवायचा. जांभळाच्या किंवा करवंदाच्या दिवसांत आपल्याकडे चालते तसेच.

कास मूळचा दक्षिण मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचा. नदीकाठच्या आणि ओलसर रानांतील हे झाड, म्हणून पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ते आपल्या पेरूपेक्षा बरे तग धरते. त्याचे शास्त्रीय नाव 'सिडियम फ्रीड्रिख्सतालियानम' असे लांबलचक आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य अमेरिकेत भटकंती केलेल्या फ्रीड्रिख्सताल या ऑस्ट्रियन प्रवाशाचे नाव त्याला दिलेले आहे. बियांपासून रोप होते. उष्ण, दमट आणि थंडीचा कडाका नसलेली हवा त्याला मानवते. फळात आम्ल आणि पेक्टिन भरपूर असल्याने त्याची जेली उत्तम धरते. सरबत, मुरंबा आणि आइस्क्रीमही करतात.

आपल्या पेरूचे मूळही अमेरिका खंडातलेच. पोर्तुगीजांच्या काळात तो भारतात आला आणि असा रुळला की आता तो परका वाटत नाही. पुण्याच्या गणेशखिंड येथे १९२७ मध्ये डॉ. चीमा यांनी लखनौच्या बियाण्यातून निवडलेला 'लखनौ ४९', म्हणजेच सरदार पेरू, आज आमच्या राहात्याच्या बागांतही आहे. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की कासही भारतात पोहोचलेला आहे, फक्त निराळ्या नावाने. आपल्याकडील फलोत्पादनाच्या पुस्तकांत त्याला 'चायनीज पेरू' म्हटलेले आढळते, चीनशी त्याचा मुळातून काही संबंध नसला तरी. पेरूच्या बागांना 'मर' नावाचा रोग लागतो. मुळांकडून बुरशी शिरते आणि बहरलेले झाड बघता बघता वाळते. माझ्या ओळखीच्या कित्येक शेतकऱ्यांनी त्यापायी उभ्या बागा काढून टाकल्या. कासच्या मुळांत या रोगाला तोंड देण्याची शक्ती आहे, म्हणून त्याच्या खुंटावर आपल्या पेरूचे कलम बांधण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. फळ कोणी पाहिलेले नाही, पण त्याच्या मुळांवर आपल्या पेरूची आशा आहे.

स्वयंपाकघरात शोधलेली वाट

मला सर्वांत सोपा मार्ग उपलब्ध होता: 'ताई, आजपासून सरबत बंद.' पण त्या पेल्यात तिच्यासाठी नुसती साखर नव्हती. भाषा न कळणाऱ्या गावात, दिवसभर रिकाम्या घरात, परसातल्या झाडाची चव तिला तेथे सापडली होती. शेजारच्या आजींशी तिची मैत्री झाली होती तीही याच फळावरून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांच्यात एक कास, एक सुरी आणि मिठाची वाटी एवढेच दुभाषे होते. ते तोडून टाकणे हे औषध नव्हे, ही शिक्षा झाली असती.

म्हणून मी विचारले, "ताई, आपण लहानपणी पेरूचं सरबत कधी केलं होतं का गं?"

ती हसली. "छे रे! आपण तर तिखटमीठ लावून खायचो."

मग आमच्या उद्योगाला सुरुवात झाली. कच्चट कासच्या फोडी, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. कास, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडे भाजलेले शेंगदाणे यांची चटणी. आमटीत चिंच-आमसुलाऐवजी कासचा गर, गूळ अगदी चिमूटभर. काळ्या घेवड्याच्या उसळीवर शेवटी बारीक चिरलेला कास. हा शेवटचा प्रकार आजींनाही आवडला.

सरबताचेही आम्ही रूप बदलले. पूर्वी जारला सात-आठ फळे लागत, आता तीन. आंबटपणा कमी, म्हणून साखरेची गरजही कमी. पुदिना, आल्याचा रस आणि चिमूटभर मीठ घातले की जीभ गोडव्याची मागणी फारशी करीत नाही. साखर पहिल्या आठवड्यात निम्मी, दुसऱ्यात चतुर्थांश, आणि मी निघालो तेव्हा शून्यावर. चव बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. एकदम सोडले की माणूस चोरून घेतो. ताईसाठी पेलाही लहान केला आणि तो रोजचा न राहता रविवारचा झाला.

तेथील डॉक्टरांना आम्ही हे सारे सांगितले. तसे करणे आवश्यक होते. साखर कमी करणारी काही औषधे किंवा इन्सुलिन चालू असताना आहारातील साखर अचानक कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. म्हणून औषधांची मात्रा आणि आहार यांत बदल एकमेकांच्या माहितीने व्हावा. ताईची बोटावरची चाचणी आम्ही त्या आठवड्यांत रोज करीत होतो.

तीन महिन्यांनी अहवाल आला: ७.४. औषध वाढवले होते, पावसाळा ओसरून चालणे पुन्हा सुरू झाले होते, भात एका वेळेवर आला होता. या सर्वांचा त्यात वाटा आहे. वाटीचे श्रेय किती, हे मी ग्रॅममध्ये सांगू शकत नाही. पण पायांच्या मुंग्या कमी झाल्या आणि ताई रात्री झोपू लागली, एवढे मात्र निश्चित.

आपल्यासाठी

वाचकहो, कासचे रोप शोधत रोपवाटिका पालथ्या घालण्याची गरज नाही. कासमध्ये जे चांगले आहे ते आपल्या साध्या पेरूत, आवळ्यात आणि लिंबात आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास सी जीवनसत्त्व असते. प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे एक मध्यम पेरू पुरेसा. तो फोडी करून, सालीसकट, चावून खावा.

जेवणासोबत खाल्ल्यास त्याचा आणखी एक लाभ होतो. बाजरी, डाळी आणि पालेभाज्या यांतील लोह शरीराला सहजी मिळत नाही. सी जीवनसत्त्व ते शोषून घेण्यास मदत करते. आपल्या घरातील मुली व स्त्रिया यांच्यात रक्तक्षय फार आढळतो. भाकरी-उसळीसोबत पेरूची कोशिंबीर आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. जीवनसत्त्व मात्र उष्णतेने व हवेने घटते, म्हणून जेली-मुरंब्याकडून त्याची अपेक्षा धरू नये. चिरलेली फळे फार वेळ उघडी ठेवू नयेत.

काही सावधगिरीही हवी. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा छातीत जळजळण्याचा त्रास आहे त्यांनी आंबट फळे रिकाम्या पोटी टाळावीत. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दात लगेच घासू नयेत. आम्लाने मऊ झालेले दातांचे वेष्टण ब्रशाने झिजते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पेरूतील पोटॅशियमविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पेरूच्या पानांच्या काढ्याच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करू नये.

आणि एक छोटा प्रयोग आजच करा. घरात जे सरबत, पन्हे, कोकम किंवा 'नैसर्गिक' रस येतो, त्यातली साखर एकदा तराजूवर मोजा. बाटलीबंद असेल तर वेष्टनावरचा आकडा वाचा. मग तो आकडा पेल्यांनी भागा. आपल्याला पथ्यपाणी सांगणाऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो आकडा सोबत न्या, कारण आम्हा डॉक्टरांना विचारण्याचे भान नेहमी राहतेच असे नाही.

मी स्वतः आता एक प्रश्न वाढवला आहे. मधुमेहाचा रुग्ण समोर बसला की 'काय खाता?' यानंतर मी विचारतो, 'काय पिता? त्यात साखर कोण घालतं आणि कोणत्या वाटीने?' दूरच्या माणसाने फोनवर सल्ला मागितला की उत्तर देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो, समोर कितीही रुग्ण बसलेले असले तरी. कधी कधी नातेवाइकांना म्हणतो, स्वयंपाकघरातील वाटीचे छायाचित्र पाठवा.

परवा ताईचा फोन आला. अंगणातल्या कासला पुन्हा फळ धरले आहे. आजी आणि ती पायरीवर बसून तिखटमीठ लावून खात होत्या. "त्यांना तिखट सोसत नाही रे," ती हसत म्हणाली, "डोळ्यांत पाणी येतं, पण मागतात पुन्हा."

मी विचारले, "आणि सरबत?"

"रविवारी. लहान पेला. साखर नाही," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुढे, "या वेळी बरोब्बर विचारलंस."